अठ्ठेचाळीस क्रमांकाचा चष्मा

धाड्!

काउंटरमागे बसलेली ती दचकून उभीच राहिली. दुकानाच्या काचेच्या दारापलीकडे एक तरुण कपाळ धरून उभा होता. ते दार तिनेच सकाळी ओल्या कागदाने पुसलं होतं. इतकं लख्ख, की मध्ये दार आहे हेच त्याला कळलं नव्हतं.

ती धावत गेली. दार उघडलं.

"फार लागलं का हो?"

"लागलं," तो म्हणाला. "पण काच उत्तम आहे. आठ मिलिमीटर असावी."

"कपाळावरून कळलं?"

"रोज काचेतच असतो मी. चित्रांना, फोटोंना चौकटी बसवतो. मागच्या गल्लीत दुकान आहे." मग ओशाळून त्याने आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नका पण. काचवाला काचेवर आपटला म्हटल्यावर गिऱ्हाईक यायचं नाही."

तिला हसू आवरेना. तिने मान वळवली, तोंडावर हात धरला... आणि तरी खांदे हलायचे ते हललेच. तो तिच्याकडे डोळे बारीक करून पाहत राहिला. पुढे कितीतरी दिवसांनी त्याने कबूल केलं, की तेव्हा त्याला तिचा चेहरा नीट दिसतच नव्हता. फक्त कुणीतरी फार छान हसतंय, एवढंच कळत होतं.

त्याला चष्माच हवा होता. गेले काही महिने मोजपट्टीवरची एक रेघ दोन दिसू लागली होती. तो काउंटरपाशी आला, तेवढ्यात मागून एक म्हाताऱ्या बाई पिशवी सांभाळत आत आल्या. तो बाजूला झाला. "आजी, तुम्ही आधी." आजींची पावती आधी फाडली गेली, सत्तेचाळीस. मग त्याची, अठ्ठेचाळीस.

पावती देताना तिचा हात किंचित थबकला. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

तपासणीत त्याला तिरका नंबर निघाला. आयुष्यातला पहिलाच चष्मा. फ्रेम निवडताना तो लोकांसारखा आरशात बघत नव्हता. प्रत्येक फ्रेम उलटी करून तिचे कोपरे नखाने चाचपत होता.

"अहो, घालून तर बघा," ती म्हणाली.

"सांधा बघतोय. सांधा चांगला असला की चौकट शोभतेच."

"आणि आत बसणारा माणूस?"

"त्याचं काय, तो चौकट बसवणाऱ्याच्या हाती." आणि त्याने फ्रेम तिच्या हातात ठेवली. "बसवा."

तिने ती त्याच्या नाकावर ठेवली, कानामागे नीट केली. बोटं कानाला लागली. मागे काच घासायच्या यंत्रावर बसलेल्या काकांनी उगाचच खाकरून घेतलं.

*

चष्म्याचं हे दुकान तिच्या मामांचं. गावात अशा चार शाखा. कॉलेज संपल्यापासून ती इथे बसत होती. पावत्या फाडायच्या, फ्रेमा पुसायच्या आणि चष्मा हातात देताना "सवय होईल हं" असं म्हणायचं. किती लोकांना ती सवय होते आणि किती जण तो चष्मा गुपचूप खणात टाकतात, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या वर्षापासून ती आठवड्यातून तीन संध्याकाळी एका अभ्यासवर्गाला जात होती. बँकेच्या वरच्या मजल्यावरची खोली, वीस-बावीस खुर्च्या. विषय होता सेवा देणाऱ्या संस्थांमध्ये नवी कल्पना कशी आणायची, कशी पारखायची आणि कशी टिकवायची. शिकवणाऱ्या बाईंनी तीस वर्षं इस्पितळाचं प्रशासन सांभाळलं होतं. वर्गात हॉटेलातल्या खोल्यांची देखरेख करणारी एक जण होती, बस आगारातले एक साहेब होते, एक ब्यूटी पार्लरवाली होती. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "वस्तू बिघडली, तर माणूस ती घेऊन भांडायला येतो. सेवा बिघडली, तर तो येतच नाही. तुम्हाला वाटतं सगळं ठीक चाललंय."

हे वाक्य तिच्या मनात घर करून राहिलं. त्यातूनच तिला सुचलं, की चष्मा नेल्यावर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन करायचा. जमीन तिरकी दिसते का? पायऱ्या वरखाली होतात का? डोकं दुखतं का? आणि सांगायचं, की घाबरू नका, आठवडाभर काढू नका, नजर बसेल.

मामांनी कपाळाला हात लावला. "आपणहून फोन करून तक्रारी गोळा करायच्या? छोटे, हे म्हणजे झोपलेल्याला हलवून विचारायचं, काय हो, झोप लागली का!"

"पण मामा, करून तर बघू."

"बघ. ऐंशी गिऱ्हाइकं देतो. फरक दिसला, तर चारही शाखांत तुझं हे चालू करू आणि तूच बघ ते सगळं. नाही दिसला, तर मुकाट्याने गोदामात बसायचं, फ्रेमांची मागणी-नोंद करायची. तिथे माणूस हवाच आहे मला."

गोदाम म्हणजे मागची बिनखिडकीची खोली. तिथे तिला जायचं नव्हतंच. पण त्याहूनही मोठी गोष्ट ही होती, की आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं असं काही सुचलं होतं.

बाईंनी प्रयोगाची रीत घालून दिली. पावतीचा क्रमांक विषम असेल, त्याला फोन. सम असेल, त्याला आजवर जसं होतं तसंच. एक शब्दही जास्त नाही. दहाव्या दिवशी मात्र सगळ्यांना एकच प्रश्न, चष्मा डोळ्यांवर आहे की खणात? तो प्रश्न विचारायचं काम तिने नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचं. ते काकांनी अंगावर घेतलं.

"आणि सम आकड्यातल्या कुणाची कणव आली तर?" तिने विचारलं होतं.

"ज्याची कणव आली त्यालाच फोन केलात," बाई म्हणाल्या, "तर शेवटी तुम्ही काय मोजलंत? तुमची कणव."

आता कळेल, अठ्ठेचाळीसची पावती देताना हात का थबकला ते. आजींना त्याने पुढे जाऊ दिलं नसतं, तर तो सत्तेचाळीस झाला असता.

*

सोमवारी तो चष्मा न्यायला आला. टेंगूळ उतरलं होतं. दार त्याने आधी बोटाने चाचपलं, मग ढकललं.

चष्मा डोळ्यांवर चढवून तो रस्त्याकडे बघत राहिला. समोरच्या झाडाकडे, पाट्यांकडे. "अरे... पानं सुटी सुटी असतात!" मग तो वळला, तिच्याकडे बघितलं, आणि चष्मा नाकावर सारखा करून पुन्हा बघितलं.

"काय झालं?"

"तुम्हाला भुवईच्या वर तीळ आहे."

"आहे."

"शुक्रवारी नव्हता."

"शुक्रवारीही होता."

"म्हणजे शुक्रवार माझा फुकट गेला," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

तिने मान खाली घातली. सांगावंसं खूप वाटत होतं, की उद्या तुम्हाला जमीन कललेली दिसेल, टेबल एका बाजूला उतरल्यासारखं वाटेल, घाबरू नका... ओठांपर्यंत आलेलं सगळं तिने गिळलं.

"सवय होईल हं," ती म्हणाली.

तो गेल्यावर काका यंत्रामागून म्हणाले, "पोरी, अठ्ठेचाळीसचा चष्मा देऊन दहा मिनिटं झाली. पावतीवर अजून किती वेळ शाई वाळवणार आहेस?"

गुरुवार उजाडला. तिने पंचेचाळीसला फोन केला. मग सत्तेचाळीसला. त्या आजी होत्या.

"बरं झालं गं फोन केलास!" आजी म्हणाल्या. "पायरी दिसते एकीकडे नि पाय पडतो भलतीकडे. सून म्हणते वय झालं. मला वाटलं, डोक्यातच काही झालं की काय! काल ठेवूनच दिला होता चष्मा."

तिने समजावलं. आजींचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आणि तो मुलगा? टेंगूळवाला? त्याला केलास का फोन?"

"त्याला... नाही, आजी."

"का गं? चांगला होता की."

तिने फोन ठेवला. वहीत पुढचा आकडा अठ्ठेचाळीस होता, त्यापुढे त्याचा नंबर. तिने तो फिरवायला घेतला. शेवटचा आकडा उरला... आणि तिने फोन खाली ठेवला. मग एकोणपन्नासला लावला.

*

शनिवारी वर्ग सुटल्यावर तिचे पाय घराच्या वाटेला लागायचे, ते मागच्या गल्लीत वळले. फक्त दुरून बघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण दुकान एवढंसं, गल्ली अरुंद. दुरून बघायला जागाच नव्हती.

"तुम्ही?" तो स्टुलावरून उठला. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.

"मी... हे बसवायचं होतं." तिने काखेतली कागदाची गुंडाळी पुढे केली. दुसरं काही जवळ नव्हतंच. त्याने ती टेबलावर ठेवली.

भिंतीला टेकून अकरा चौकटी उभ्या होत्या. एकसारख्या, नव्या. तिने वाकून नीट पाहिलं. अकराही चौकटी एका बाजूला झुकल्या होत्या. थोड्याशाच, पण झुकल्या होत्या.

"शाळेचं काम आहे," तो म्हणाला. आवाजात नेहमीची गंमत नव्हती. "सोमवारी द्यायचंय. मंगळवारी सगळ्या कापून जोडल्या. बघतो तर वाकड्या! मग रंधा मारून मारून एकेक सरळ केली. काल सहज चष्मा काढला, तर..." त्याने भिंतीकडे हात केला. "मला कळतच नाही कुठलं खरं. बाबांनी हे काम शिकवलं मला. म्हणायचे, गुण्या चुकेल, पण आपला डोळा आणि हात चुकायचा नाही. चार दिवसांत दोन्ही गेले माझे. शाळेला नाही म्हणून कळवणार आहे. नंतर दुकानाचं बघू."

गुण्या, काटकोन तपासायची ती छोटी लोखंडी पट्टी, टेबलाच्या कडेला धूळ खात पडली होती.

तिच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. बाई, मामा, गोदाम, ऐंशीचा आकडा. मग ती बोलली, आणि भराभर बोलली.

"तुमचा हात कुठेही गेलेला नाही. मंगळवारी तुम्ही जोडल्या तेव्हा त्या सरळच होत्या. तिरक्या नंबराच्या चष्म्याने पहिले काही दिवस चौकोन कललेला दिसतो. सगळ्यांना दिसतो. तुम्ही सरळ चौकटी 'सरळ' करायला गेलात! आता काढघाल करू नका. सकाळी लावला की झोपताना काढायचा. आठवड्यात नजर बसेल. आणि तोवर डोळ्यावर नाही, या पट्टीवर विश्वास ठेवा."

खण उघडून त्याने चष्मा काढला, लावला. गुण्या उचलून चौकटीच्या कोपऱ्याला टेकवला. एका कडेने फट दिसली. मंगळवारीच नमुन्यादाखल जोडलेला, रंधा न लागलेला एक कोपरा घेऊन पुन्हा टेकवला. फट नाही. तो मटकन स्टुलावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले.

"तुम्ही... तुम्ही काय केलंत, तुम्हाला ठाऊक आहे का?" तो म्हणाला. "थांबा, तुमचं काम आधी. फुकट करणार हं!"

आणि त्याने गुंडाळी उलगडली.

ते चित्र नव्हतं. तिने वर्गासाठी काढलेला प्रयोगाचा तक्ता होता. दुकानाच्या दारापासून गिऱ्हाइकाची एकेक पायरी, खाली दोन रांगा. तिने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. नव्या चष्म्यातून त्याने मोठ्याने वाचलं.

"विषम क्रमांक, तिसऱ्या दिवशी फोन, त्रासाची चौकशी, सल्ला. सम क्रमांक... काही करू नये." तो थांबला. "माझा कितवा?"

"अठ्ठेचाळीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मला हे असं दिसणार, ते."

"हो."

"सोमवारपासून?"

"शुक्रवारपासून. गुरुवारी फोन उचलला होता... ठेवला."

त्याने तक्ता नीट सपाट केला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. "मी इथे बसून नुसता माझे हात बघत होतो," तो म्हणाला. ओरडला नाही. तो ओरडला असता, तर तिला बरं वाटलं असतं. "तक्ता होईल तयार. कळवतो."

*

त्याने कळवलं नाही. तिनेही विचारायचं धाडस केलं नाही. तीन आठवडे गेले. दहाव्या दिवशीच्या प्रश्नांची उत्तरं काका कोऱ्या चेहऱ्याने आणून देत. एकदा मात्र म्हणाले, "अठ्ठेचाळीस म्हणाला, डोळ्यांवरच आहे. आवाज बरा होता. तू विचारलं नाहीस, मी आपलं सांगितलं."

शेवटच्या दिवशी बाईंनी सगळ्यांच्या मालकांना बोलावलं होतं. मामा मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. तिने रात्री घाईत नवा तक्ता काढला होता, तोही थोडा फाटलेला. ती उभी राहिली.

"विषम आकड्यांचे चाळीस," ती म्हणाली. "त्यांतल्या दोघांनी चष्मा खणात टाकला. सम आकड्यांचे एकोणचाळीस. त्यांतल्या अकरा जणांनी."

मागून कुजबुज झाली. मामांची घडी सुटली. पण बाईंनी पेन वर केलं. "एकोणचाळीस? चाळीस हवेत."

हे तक्त्यात सहज लपवता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"एकाच्या बाबतीत मी नियम मोडला," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी मी स्वतः जाऊन त्याला सगळं सांगितलं. म्हणून त्याला मोजलेलं नाही."

"कोण तो?"

"अठ्ठेचाळीस."

"का मोडलात?"

पार्लरवाली पुढे सरकून बसली.

"तो स्वतःला दोष देत होता. चूक त्याची नव्हती, माझ्या प्रयोगाची होती. आणि... मला मोजणं जमलं असतं, बाई. पण बघणं जमेना."

"पुन्हा असं झालं तर?"

"पुन्हा मोडेन. आणि पुन्हा लिहून आणेन."

बाईंनी कागदावर अठ्ठेचाळीसभोवती गोल काढला. मग म्हणाल्या, "मोडलेला एक तुम्ही लिहून आणलात, म्हणून उरलेल्या एकोणऐंशींवर माझा विश्वास बसला. पण पुढच्या वेळी प्रयोग आखतानाच ठरवा, की माणसाचं नुकसान होतंय असं दिसलं, तर कुठे थांबायचं. ते मी तुम्हाला शिकवायला हवं होतं. माझंही चुकलंच."

मामा उठले. "मला एवढंच कळलं," ते म्हणाले, "की माझ्या दुकानातून दर चार माणसांत एक जण चष्मा खणात टाकायला घेऊन जातो, आणि मी वीस वर्षं झोपलेलो आहे. छोटे, सोमवारपासून तू मोठ्या शाखेत. तिथून सुरुवात कर. सम नाही, विषम नाही. सगळ्यांना फोन!"

टाळ्या पडल्या. ती बसायला वळली आणि तिथेच थांबली. दाराच्या चौकटीत तो उभा होता, काखेत कागदात गुंडाळलेला तक्ता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. बराच असावा.

*

खाली आले तेव्हा भुरभुर पाऊस पडत होता. दोघं बँकेच्या पुढच्या छपराखाली उभे राहिले. त्याच्या चष्म्यावर थेंब बसले होते. तो बोटाने पुसायला गेला आणि काच आणखीच माखली.

"बोटाने नाही पुसायचं," ती म्हणाली. चष्मा हातात घेऊन तिने रुमालाने हलकेच टिपला. "रागावलात?"

"रागावलो होतो. आठवडाभर. तेवढ्यात अकराच्या अकरा पुन्हा केल्या, शाळेला दिल्या." तो थांबला. "मग राग संपला, पण यायला कारण सापडेना. तुमचा तक्ता तयार होऊन दोन आठवडे झाले. रोज काच पुसतोय. आज काकांनी फोनवर सांगितलं, तुमचा इथे शेवटचा दिवस."

"मला वाटलं, तुमच्यासाठी मी म्हणजे... तुम्हाला नुसता आकडा समजणारी."

"आकडा समजला असतात, तर आला नसतात." त्याने चष्मा लावला. तिच्या भुवईवरच्या तिळाकडे पाहिलं, मग डोळ्यांत. "आज वर जे बोललात... एवढ्या लोकांसमोर. मला माझं दुकान बंद करावं लागलं असतं, आणि तुम्ही तुमचं काम पणाला लावलंत. हे कळल्यावर पायच निघेना दारातून."

पावसाचा एक झोत आत आला. दोघंही एक पाऊल मागे सरकले, जवळजवळ आले, आणि पुन्हा कुणी पुढे सरकलं नाही.

"मोठी शाखा लांब आहे का?" त्याने विचारलं.

"गावाच्या पार दुसऱ्या टोकाला."

"हं." तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी रोज सातला दुकान बंद करतो. सातनंतर मोकळाच असतो."

"रोज?"

"रोज. पण... जन्मभर मोकळं राहायचा विचार नाही माझा. तेच सांगायचं होतं. तक्ता नुसतं निमित्त."

तिचे कान तापले. समोरून एक बस आली, थांबली, दार उघडून वाट बघून निघून गेली. तिचीच बस होती ती. तिने हाताच्या बोटांवर काहीतरी हिशेब केला, पुन्हा केला.

"सातला नका बंद करू," ती अखेर म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"मोठी शाखाही सातलाच बंद होते. तिथून तुमच्या गल्लीत यायला पाऊण तास लागतो. पावणेआठपर्यंत उघडं ठेवा."

तो हसू लागला, अगदी काळजातून. "आजपासून?"

"सोमवारपासून," ती म्हणाली. "आज आहेच की मी."